तुम्ही विचारलंत म्हणून: कंसातली ती बाई

"ती दगड मारायला आणलेल्या बाईची गोष्ट कंसात का टाकलीय? मग ती खोटी का?" तरुण संघातली मुलं हे हमखास विचारतात, आणि मागे एकदा उपासना संपल्यावर एका मावशींनी माझा हात धरून विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण त्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास उभा राहिलाय. म्हणून एकदा नीट लिहितो.

गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलात येशूच्या जीवनावर अशी चार पुस्तकं आहेत, त्यांतलं हे एक) ७:५३ ते ८:११ मध्ये, म्हणजे सातव्या अध्यायाच्या शेवटापासून आठव्याच्या अकराव्या ओवीपर्यंत आहे. व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूपुढे आणतात, तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो, ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड टाकावा म्हणतो, आणि म्हाताऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. बऱ्याच बायबलांमध्ये इथे कंस किंवा फुटनोट असते की सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही.

आणि तो खरंच नाही. सिनाय डोंगराजवळच्या मठात सापडलेलं चौथ्या शतकातलं हस्तलिखित आता स्कॅन होऊन नेटवर आहे, मी मोबाइलवर झूम करून बघितलं. पानावर चार रकाने, शब्दांमध्ये जागा नाही, सलग ग्रीक अक्षरं, आणि गालीलातून संदेष्टा येत नाही हे वाक्य संपलं की लगेच 'येशू पुन्हा त्यांच्याशी बोलला' सुरू होतं. मध्ये काहीच नाही. व्हॅटिकनमधल्या जुन्या हस्तलिखितातही तसंच, आणि त्याहून जुन्या पपायरसवरच्या (पाणवनस्पतीपासून केलेला जुन्या काळचा कागद) दोन प्रतींतही तसंच. ग्रीकमध्ये ही गोष्ट असलेली सगळ्यात जुनी प्रत पाचव्या शतकाच्या आसपासची, जी आज केंब्रिजला आहे. नंतरच्या काही प्रतींत तर ती चक्क लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी आहे.

पण मला सगळ्यात जास्त हलवून टाकतं ते पॅरिसमधलं आठव्या शतकातलं हस्तलिखित. त्यातही ही गोष्ट नाही, पण लिहिणाऱ्याने तिथे जागा मोकळी सोडलीय. म्हणजे त्याला माहीत होतं की इथे काहीतरी आहे असं लोक सांगतात, पण समोरच्या प्रतीत नव्हतं, म्हणून त्याने पदरचं काही घातलं नाही आणि जागा बुजवूनही टाकली नाही. चर्चने बायबल हवं तसं बदललं असं कोणी म्हटलं की मला ती मोकळी जागा आठवते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. संत ऑगस्टीन, मंडळीतला जुन्या काळचा एक मोठा बिशप, म्हणतो की काही नवऱ्यांना भीती वाटली, बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल, म्हणून त्यांनीच ही गोष्ट काढून टाकली. आजही काही पाळक हेच सांगतात. मला ते पटत नाही, कारण तसं असतं तर फक्त बाईची गोष्ट गेली असती, आधीचं लोक आपापल्या घरी गेले, येशू जैतुनाच्या डोंगराकडे गेला हे साधं वाक्य कशाला काढतील? आणि घरातलं बायबल घेऊन स्वतः बघा, योहान सारखा 'परूशी' (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट) म्हणतो, पण 'शास्त्री आणि परूशी' असं फक्त याच ठिकाणी येतं. जैतुनाचा डोंगरही त्याच्याकडे इथेच. बाकी तीन शुभवर्तमानांत हे नेहमीचं आहे. म्हणजे ही भाषा योहानाची वाटत नाही.

मग खोटी? नाही, असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या शतकातल्या सिरियातल्या मंडळीच्या नियमांच्या पुस्तकात बिशपांना सांगितलंय की पश्चात्ताप करणाऱ्याला हाकलू नका, आणि तिथे हीच गोष्ट दाखला म्हणून दिलीय. म्हणजे योहानाच्या प्रतीत दिसायच्या आधीपासून लोक ती सांगत होते. माझं मत असं की ती योहानाच्या हातची नाही, पण येशूबद्दलची खूप जुनी आठवण आहे जी मंडळीने हरवू दिली नाही आणि शेवटी इथे ठेवली.

मावशींनाही मी हेच सांगितलं. फुटनोट त्यांच्यापासून लपवली नाही, आधी ती वाचली, मग पूर्ण गोष्ट मोठ्याने वाचली, येशू त्या बाईला मीही तुला दोष देत नाही म्हणतो तिथपर्यंत आलो तर पुढचं वाक्य त्यांनीच पाठ म्हणून दाखवलं.