दारावरचे फादर सोलानस

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात माउंट इलियट अव्हेन्यूवर सेंट बोनाव्हेंचर नावाचा कपुचिन मठ आहे. कपुचिन म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या वाटेवर चालणारा एक कॅथलिक संघ. १९२४ पासून १९४५ पर्यंत या मठाच्या दारावर एक धर्मगुरू बसत. घंटी वाजली की उठून दार उघडायचं, आलेल्याला खुर्ची द्यायची, त्याचं ऐकून घ्यायचं आणि वहीत नोंद करायची, हे त्यांचं काम. त्यांना पापनिवेदन ऐकायची परवानगी नव्हती. धर्मसिद्धांतांवर प्रवचन करायचीही नव्हती. ती बंदी त्यांच्या मरणापर्यंत उठली नाही. त्यांचं नाव फादर सोलानस केसी.

मी मूळची वसईतल्या गासची. नर्स म्हणून इथे आले आणि नोकरीची सगळी वर्षं डेट्रॉइट आणि आसपासच्या हॉस्पिटलांत गेली. फादर सोलानस यांच्याबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते रात्रपाळीत. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक पोलिश गृहस्थ आमच्या वॉर्डात होते. फुप्फुसं गेलेली, आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून रात्रभर उशांना टेकून बसून असायचे. त्यांच्या पायजम्याच्या खिशात तपकिरी झग्यातल्या, पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्या फादरांचं चित्र असे. म्हणाले, लहानपणी आईने आम्हाला यांच्याकडे नेलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही बरे झालात? तर म्हणाले, आजारी मी नव्हतो, माझा धाकटा भाऊ होता, आणि तो गेला. पण फादरांनी आईला खोटी आशा दाखवली नाही. बाळ देवाकडे जाईल हे त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं आणि तिचं रडणं संपेपर्यंत ते तिच्याजवळ बसून राहिले. बाहेर केवढी तरी रांग होती, तरी बसून राहिले. आई पुढे चाळीस वर्षं त्या बसण्याबद्दल बोलायची.

भाऊ वाचला नाही, तरी त्या घराने त्यांचं चित्र जपून ठेवलं. हे मला विलक्षण वाटलं. सुट्टीच्या दिवशी मी मठात गेले, आणि तेव्हापासून जातेच आहे.

त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७० चा, विस्कॉन्सिन राज्यातला. आईवडील आयर्लंडहून आलेले शेतकरी, घरात सोळा मुलं, त्यांतले हे सहावे. नाव बर्नार्ड, वडिलांचंच. १८७८ मध्ये घरात घटसर्प शिरला. दोन भावंडं त्यात गेली. बर्नार्ड वाचला, पण आवाज कायमचा बारीक आणि घोगरा झाला. घटसर्पात घशात पडदा धरतो आणि मूल गुदमरतं. त्या काळात त्यावर औषधच नव्हतं. पुढे हजारो माणसं ज्या आवाजासाठी डेट्रॉइटला येत, तो आवाज असा आजाराने घासलेला होता.

पिकं बुडायला लागली तसा हा मुलगा कामाला बाहेर पडला. नदीतून लाकडाचे ओंडके वाहून न्यायचं काम केलं. मिनेसोटातल्या स्टिलवॉटरच्या तुरुंगात पहारेकरी झाला. तिथे नामांकित दरोडेखोर जेसी जेम्सच्या टोळीतले यंगर बंधू शिक्षा भोगत होते, त्यांच्याशी याची चांगली ओळख झाली. मग सुपिरियर शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम नव्या आल्या, त्यांचा तो चालक झाला. एका दुपारी वळणावर रुळांपाशी गर्दी दिसली. एक दारू प्यालेला खलाशी हातात सुरा घेऊन एका तरुणीवर धावून गेला होता, ती रक्तबंबाळ होऊन पडली होती. बर्नार्डने ट्राम थांबवली. त्या रात्री त्याने त्या बाईसाठी प्रार्थना केली आणि त्या खलाशासाठीही केली. थोड्याच दिवसांत तो आपल्या धर्मगुरूंकडे गेला आणि म्हणाला, मला फादर व्हायचं आहे.

तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मिलवॉकीच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, त्याला कोवळ्या पोरांबरोबर बाकावर बसवलं. शिकवणं जर्मन भाषेत, पुस्तकं लॅटिनमध्ये. इंग्रजी बोलणारा आयरिश शेतकऱ्याचा मुलगा, मधली कित्येक वर्षं अंगमेहनतीत गेलेली. त्याला गुण कमी पडले आणि सेमिनरीने त्याला दुसरी वाट शोधायला सांगितलं. अजूनही काही लोक त्यांची गोष्ट ‘बुद्धीने सामान्य, पण मनाने मोठा’ अशी सांगतात. मला ते पटत नाही. त्यांची पत्रं वाचलेल्या माणसाला ते पटणारच नाही. परक्या भाषेत परीक्षा द्यायला लावून माणसाची बुद्धी मोजायची, हा काय न्याय झाला? आमच्यासारख्या मराठी शाळेतून निघून नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत पाठ केलेल्या मुलींना तो बाक चांगला ठाऊक आहे.

१८९६ च्या नाताळच्या आदल्या रात्री बर्फ तुडवत तो डेट्रॉइटच्या कपुचिन मठात पोचला. प्रवासाने इतका दमला होता की जेवण न करताच झोपला. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेसाठी, ब्रदर मंडळी (संघातले, पण धर्मगुरू नसलेले सभासद) हातात घंटा घेऊन, गाणी गात दालनातून निघाली, तेव्हा त्याला जाग आली आणि तोही त्यांच्यामागून गात निघाला. जानेवारीत संघाचा झगा मिळाला आणि फ्रान्सिस सोलानस हे नाव मिळालं. मूळचे संत फ्रान्सिस सोलानस हे दक्षिण अमेरिकेत सेवा केलेले स्पॅनिश फ्रान्सिस्कन. ते व्हायोलिन वाजवत. आमचे फादरही वाजवत, आणि वाईट वाजवत. मठातली माणसं वैतागायची. मग ते व्हायोलिन घेऊन रिकाम्या चॅपेलमध्ये जायचे आणि पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर, एकटेच वाजवत बसायचे.

कपुचिनांकडेही अभ्यास जर्मन-लॅटिनचाच. १९०१ मध्ये वरिष्ठांनी त्यांच्याकडून एक कागद सही करून घेतला: गुरुदीक्षा द्यायची की नाही, हे वरिष्ठ ठरवतील ते मला मान्य. तो कागदही जर्मनमध्येच होता. २४ जुलै १९०४ रोजी दीक्षा मिळाली, पण ‘सिम्प्लेक्स’ म्हणून. म्हणजे मिस्सा अर्पण करा, पण पापनिवेदन ऐकू नका आणि धर्मसिद्धांतांवर प्रवचन करू नका. ३१ जुलैला ॲपलटन गावी त्यांनी पहिली मिस्सा केली. आई आली होती. आठ वर्षांनी मुलगा तिच्या दृष्टीस पडला होता.

अशा धर्मगुरूला काम काय द्यायचं? न्यूयॉर्कजवळ याँकर्सला पाठवलं आणि वेदीची झाडलोट, फुलं, वस्त्रं, वेदीसेवक मुलं असं सगळं त्यांच्याकडे दिलं. एरवी ही कामं ब्रदरांकडे असतात. मग दारावरचं काम दिलं. वसईच्या वाचकांना इथे आपले गोन्सालो गार्सिया आठवतील. आपल्या मातीत जन्मलेले, फ्रान्सिस्कन संघात कधीही फादर न होता ब्रदर म्हणूनच राहिलेले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. गासच्या चर्चला त्यांचंच नाव आहे, म्हणून लहानपणापासून मला ब्रदर हे फादरांपेक्षा खालचे असं कधी वाटलं नाही. पण फादर सोलानस यांच्या सोबत्यांना तसं वाटत असावं, आणि त्यांना ते कळत नसेल असं मी मानत नाही. तक्रारीचं एक अक्षर मात्र त्यांच्याकडून निघालेलं दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या काळात, दारावर येऊन मागितलेलं प्रार्थनेने घडतं असं लोक सांगू लागले, तशी प्रांतिक वरिष्ठांनी १९२३ मध्ये त्यांना वही ठेवायला सांगितली. कोण आलं, काय मागितलं, पुढे काय झालं. माणसांची नावं ते सेराफिक मास असोसिएशनमध्ये घालत. म्हणजे थोडी देणगी मिशनसाठी जायची आणि जगभरच्या कपुचिनांच्या मिस्सांत त्या माणसासाठी प्रार्थना व्हायची. १९२५ च्या फेब्रुवारीत शेव्हरोले या मोटार कंपनीचा एक कामगार आला. कारखान्याला काम नव्हतं, पगार कमी पडत होता. त्याने स्वतःचं सोडून कंपनीचंच नाव घातलं. थोड्याच दिवसांत कंपनीला ४५,००० गाड्यांची मागणी आली. डेट्रॉइटमध्ये ही गोष्ट अजून सांगतात. मला त्यातला कारखान्याच्या नावाने प्रार्थना मागणारा कामगार जास्त आवडतो. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाची चूलही त्याच्या डोळ्यांसमोर होती.

येणाऱ्याला फादर रिकामं पाठवत नसत, पण त्याच्याकडून काही घेतही. देवासाठी तू काय करशील, असं विचारत. मिस्सेला जाशील? भावाशी बोलणं टाकलंयस, ते सुरू करशील? गरिबाला काही देशील? आणि देवाचे आभार आधीच मान, काम होण्याची वाट बघू नकोस, हे त्यांचं नेहमीचं सांगणं. ज्यू येत, प्रोटेस्टंट येत, काहीच न मानणारे येत. कोणालाही घाई केली जात नसे. रांग वाढायची, सोबतचे ब्रदर चुळबुळ करायचे, पण समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय फादर पुढच्याकडे वळत नसत.

मी नर्स म्हणून सांगते, ऐकणं हे अंगमेहनतीचं काम आहे. आठ तासांच्या पाळीत वीस जणांचं दुखणं नीट ऐकलं, तर घरी जाऊन नवऱ्याशी दोन शब्द बोलायचं त्राण उरत नाही. फादर सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकत आणि मग झोपायच्या वेळी चॅपेलमध्ये जात. पहाटे आलेल्यांना ते कधी कधी वेदीसमोर जमिनीवरच झोपलेले सापडत. त्यांची प्रार्थना आणि त्यांचा परोपकार अशा दोन वेगळ्या गोष्टी मला करता येत नाहीत. दिवसा ऐकलेलं रात्री कुठेतरी नेऊन ठेवायलाच हवं होतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत कोण बसू शकलं असतं?

१९२९ साली मंदी आली. कारखाने थंडावले आणि मठाच्या दारावर भुकेले लोक येऊ लागले. आधी ब्रदर आपल्या जेवणातलं सूप आणि सँडविच देत. मग रांग इतकी वाढली की त्या नोव्हेंबरात शेजारच्या हॉलमध्ये रीतसर अन्नछत्र सुरू झालं. फादर स्वतः वाढत, शेतांवर जाऊन भाजीपाला मागून आणत. एकदा पाव संपला आणि बाहेर माणसं उभी होती. फादर बाहेर आले, सगळ्यांबरोबर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणाले, आणि तेवढ्यात एक पाववाला गाडीभर पाव घेऊन दारात आला, असं तिथली मंडळी सांगत.

पुढचं थोडक्यात. गर्दीतून विश्रांती मिळावी म्हणून १९४५ मध्ये त्यांना ब्रुकलिनला आणि पुढच्या वर्षी इंडियानातल्या हंटिंग्टनला पाठवलं. तिथे ते मधमाश्या पाळायचे. विश्रांती कसली, पत्रांचे गठ्ठे येत आणि डेट्रॉइटहून बस भरभरून माणसं जात. शेवटच्या वर्षांत कातडीचा आजार अंगभर पसरला. अशा रुग्णाला चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नाही, कूस बदलवताना आपलेच हात थरथरतात. १९५६ मध्ये त्यांना डेट्रॉइटला परत आणलं. ३१ जुलै १९५७ रोजी सकाळी ११ वाजता, ‘मी माझा आत्मा येशू ख्रिस्ताला देतो’ असं म्हणून ते गेले. पहिल्या मिस्सेला त्या दिवशी, त्याच वेळेला ५३ वर्षं झाली होती.

१८ नोव्हेंबर २०१७ ला फोर्ड फील्ड या फुटबॉलच्या स्टेडियमवर त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी वरच्या मजल्यावर बसले होते. साठ हजारांच्या आसपास लोक होते. ज्या बऱ्या होण्याचा चमत्कार रोमने मान्य केला, त्या पनामाच्या निवृत्त शिक्षिकाही आल्या होत्या. त्यांना जन्मापासून कातडीचा असाध्य आजार होता. २०१२ मध्ये फादरांच्या कबरीपाशी त्यांनी आधी इतरांसाठी मागितलं, स्वतःसाठी सर्वांत शेवटी. त्या वेदीकडे चालत गेल्या तेव्हा माझ्या शेजारची अनोळखी बाई आणि मी एकमेकींचे हात धरून रडत होतो.

ते अन्नछत्र अजून चालू आहे. कॉनर आणि मेल्ड्रम या दोन रस्त्यांवर त्यांची स्वयंपाकघरं आहेत. येणाऱ्याला तिथे पाहुणा म्हणतात. तुरुंगातून सुटलेली आणि व्यसनातून बाहेर पडणारी माणसं त्यांच्या बेकरीत पाव भाजायला शिकतात. १९९७ पासून ‘अर्थवर्क्स’ नावाची शेतीही आहे, पडीक शहरी जागेत केलेली. मी निवृत्तीनंतर तिथेच जास्त असते. वसईच्या वाडीत वाढलेल्या बाईला वाफे, रोपं, टोमॅटोची बांधणी शिकवावी लागत नाही.

आपल्याकडून मुलाबाळांकडे मिशिगनला उन्हाळ्यात कितीतरी आईवडील येतात. मुलं कामावर जातात आणि ही मंडळी खिडकीपाशी बसून दिवस काढतात. त्यांना माझं सांगणं आहे: इंग्रजी येत नाही म्हणून घरी बसू नका. कांदे चिरायला, ताटं पुसायला, वाफ्यातलं तण काढायला इंग्रजी लागत नाही. धर्म कोणी विचारत नाही. आधी माउंट इलियटवर फादरांच्या कबरीपाशी जाऊ, तिथे चिठ्ठीवर काय मागायचं ते मराठीत लिहा, मग स्वयंपाकघरात जाऊ. मला निरोप पाठवा, मी गाडी घेऊन येते.