गणपतीत उघडलेली डेटा रूम

2021 चा सप्टेंबर. मी तेव्हा मुंबईत एका ग्रोथ फंडात होते, सीए झाल्यावर तिथलं तिसरं वर्ष, म्हणजे एक्सेल मी करायची आणि मीटिंगमध्ये बोलायचे ते सर. ग्रोथ इक्विटी म्हणजे काय हे घरी सांगताना मी म्हणायचे की दुकान टाकायला पैसे देतात ते व्हेंचरवाले आणि चालत्या दुकानाच्या अजून दहा शाखा काढायला देतो ते आम्ही. त्यामुळे आमच्याकडे बघायला खरे आकडे असतात, नुसती स्वप्नं नसतात. असं आपलं आम्ही समजायचो.

वातावरण कसं होतं ते आता सांगून पटणार नाही. जुलैत झोमॅटोचा शेअर 76 ला दिलेला पहिल्या दिवशी 115 च्या वर उघडला आणि आमच्या ऑफिसात लोक असे फिरत होते जणू पार्सलं यांनीच पोचवली. अमेरिकेत व्याजदर मार्च 2020 पासून जवळपास शून्यावर, मग तिकडचा पैसा कुठेतरी जाणारच, तो इकडेही येत होता आणि दोन झूम कॉलमध्ये टर्मशीट, म्हणजे किती पैसे कोणत्या अटींवर देणार याचा कागद, देणारे फंड आमच्या डोळ्यांदेखत डील घेऊन जात होते. आम्हाला एका डीलला आठ-दहा आठवडे लागायचे, त्यामुळे आम्ही 'स्लो' म्हणून बदनाम.

तर पुण्याची एक सॉफ्टवेअर कंपनी आली. नाव नको. कंपन्यांची भरती आणि टीमचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर, महिन्याला पर सीट, म्हणजे वापरणाऱ्या दर माणसामागे, पैसे. वर्षाचा रिकरिंग रेव्हेन्यू, म्हणजे दर वर्षी येत राहणारी कमाई, 32 कोटी, मागत होते 900 कोटींचं व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत कमाईच्या 28 पट. पण नेट रिटेन्शन 138 टक्के! म्हणजे ज्या गिऱ्हाइकांनी गेल्या वर्षी 100 रुपये दिले तेच यंदा 138 देतायत, नवीन एकही न जोडता. सरांचे डोळे चमकले. दुसऱ्या फंडाची टर्मशीट आधीच हातात होती, त्यामुळे फाउंडर म्हणाला तुम्हाला सहा दिवस देतो.

डेटा रूम, म्हणजे कंपनीची कागदपत्रं ठेवलेलं ऑनलाइन फोल्डर, उघडली बुधवारी रात्री, शुक्रवारी गणपती. मी लॅपटॉप घेऊन सांगलीला घरी गेले. आई आरतीला हाका मारतेय आणि मी माजघरात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, बाबा दर तासाला येऊन विचारणार, अजून मुंबईत पैसे शिल्लक आहेत का.

डेटा रूममध्ये सगळं होतं आणि काहीच नव्हतं. सुंदर पीडीएफ, वर जाणारे ग्राफ. मला हवी होती गिऱ्हाईकवार, महिनावार बिलिंगची कच्ची फाईल. तीनदा मागितली. शेवटी शनिवारी रात्री एक वाजता त्यांच्या फायनान्समधल्या एका पोराने पाठवली, खाली लिहिलं होतं, "मॅडम, क्लीन करायला वेळ नाही मिळाला, आहे तशी पाठवतोय." उपकारच केले त्याने. क्लीन केली असती तर मला जे दिसलं ते दिसलंच नसतं.

पहिली 20 गिऱ्हाइकं बघताना नावं ओळखीची वाटायला लागली. अरे, यांचा पैसे मागायच्या प्रेझेंटेशनचा डेक तर आपल्याकडे आला होता. यांचाही. या तिसऱ्यांना तर आपण मार्चमध्ये नाही म्हणालो होतो. मोजलं तर 20 पैकी 13 कंपन्या अशा की ज्यांनी गेल्या दीड वर्षात फंडिंग घेतलेलं, आणि एकूण रेव्हेन्यूचा 61 टक्के वाटा त्यांचा. त्यांना पैसा मिळाला, त्यांनी धडाधड माणसं भरली, माणसं वाढली की सीट वाढल्या, सीट वाढल्या की 138. त्या 13 बाजूला काढून उरलेल्यांचं रिटेन्शन केलं तर आलं 104. वाईट नाही, पण 104 ला 28 पट कोण देतं? म्हणजे आमच्यासारख्याच फंडांचा पैसा एका स्टार्टअपमधून दुसऱ्यात जात होता आणि दुसऱ्याच्या ताळेबंदात त्याला ग्रोथ म्हणत होते.

रविवारी गौरी आल्या, सोमवारी पुरणपोळी खाऊन मी सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे गं, पण स्टार्टअप्सना पैसा मिळायचं थांबणार आहे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता कोणी म्हणेल की तुला दिसलं होतं. दिसलं काही नव्हतं, नुसता वास आला होता. मी कमिटीसाठीच्या मेमोत तीन केस, म्हणजे पुढे काय होईल याचे तीन अंदाज, केल्या आणि त्यातली सगळ्यात वाईट केस काय, तर फंडिंग 25 टक्क्यांनी कमी होईल! आणि तेही लिहिताना वाटत होतं की जरा जास्तच निगेटिव्ह होतंय, तर 20 करू का. माझी मजल तेवढीच.

मंगळवारी इन्व्हेस्टमेंट कमिटी. माझा मुद्दा मेमोत सातव्या पानावर होता, चर्चा पहिल्या पानावर झाली, आणि त्यातही कंपनीवर कमी आणि दुसरा फंड कोण आहे, ते पुढचा राउंड करतील का, आपल्या फंडातला किती पैसा अजून पडून आहे, इन्व्हेस्टर्स काय विचारतायत, यावरच जास्त. मी कोपऱ्यातल्या चौकोनात म्यूटवर. तासाभराने ठरलं की 150 कोटी घालून लीड करायचं नाही, दुसऱ्या फंडाच्या मागे 40 घालायचे. धड हो नाही, धड नाही पण नाही. मला तेव्हा तो माझा विजय वाटला होता.

पुढचे दोन महिने कागदपत्रं. ड्यू डिलिजन्स, व्हॅल्युएशन सर्टिफिकेट, करारांचे ड्राफ्ट, सोसायटीच्या मीटिंगसारखे वाद. आम्ही घेणार होतो सीसीपीएस, म्हणजे नंतर सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर्स. लीड फंडाला इतकी घाई की फाउंडरच्या वकिलाने लिक्विडेशन प्रेफरन्सचा क्लॉज जवळजवळ पोकळ करून ठेवला होता आणि ते त्यालाही ओके म्हणाले होते. हा क्लॉज साधा असतो, कंपनी विकली गेली तर आधी इन्व्हेस्टरचा घातलेला पैसा परत, मग उरलं तर बाकीच्यांना. मी तीन रात्री त्या एका परिच्छेदावर भांडले, सगळ्या इन्व्हेस्टर्सना सारखा, एक पट, आधी. मिळवला. पैसे नोव्हेंबरात गेले आणि दुसऱ्या दिवशी फाउंडरचा फोन, पैसे खात्यात दिसतायत पण वापरता का येत नाहीत. म्हटलं, शेअर्स दिल्याची सरकारदरबारी नोंद करणारा पीएएस-3 फॉर्म भरल्याशिवाय येत नाहीत, तुमच्याच सीएसला, कंपनी सेक्रेटरीला, विचारा. त्याच आठवड्यात पेटीएम लिस्ट झाला, 2150 चा शेअर पहिल्याच दिवशी 27 टक्के खाली. ऑफिसात म्हणाले, ती वेगळी केस आहे.

मार्च 2022 मध्ये अमेरिकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली, त्या वर्षी तिकडचा शेअर निर्देशांक नॅस्डॅक 33 टक्के पडला, आणि आमच्या त्या 13 पैकी पहिल्या कंपनीने माणसं काढली जूनमध्ये. माणसं गेली की सीट गेल्या. कंपनीचं सॉफ्टवेअर तसंच चांगलं होतं, एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, फक्त वापरणारी माणसंच उरली नाहीत. माझी 25 टक्क्यांची केस मी नंतर उघडूनही बघितली नाही.

हल्ली एआय कंपन्यांचे डेक येतात तेव्हा मी आधी गिऱ्हाइकांची यादी मागते, ग्राफ नंतर. सप्टेंबर 2025 मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये 100 अब्ज डॉलरपर्यंत घालायची घोषणा केली आणि ओपनएआय उभारणार एनव्हिडियाच्याच चिपांची डेटा सेंटर्स, हे वाचल्यावर मला माजघर आणि हॉटस्पॉटच आठवला. अर्थात तेही चुकेलच असं नाही, आणि मी आताही मेमोत तीनच केस करते.

ती कंपनी 2024 मध्ये विकली गेली, 285 कोटींना. इन्व्हेस्टर्सचे मिळून 270 घातलेले, ते आधी. आमचे 40 परत आले, अगदी 40, एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाचा परतावा, शून्य. एफडी केली असती तर व्याज तरी आलं असतं, पण ऑफिसात त्याला 'कॅपिटल प्रोटेक्टेड' म्हणाले आणि सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, तो क्लॉज माझा म्हणून. उरलेल्या 15 मधून वकील, बँकर, मग फाउंडर, मग ईएसओपीवाले, म्हणजे पगारासोबत शेअर्सचे ऑप्शन्स मिळालेले कर्मचारी.

डील बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात त्या फायनान्सच्या पोराचा फोन आला. कमी पगारावर ईएसओपी बघून आलेला, पाच वर्षं काढलेली. "मॅडम, माझ्या ऑप्शन्सचं अंदाजे किती येईल? घराचं बुकिंग बघतोय." मी म्हणाले, मला सांगता येत नाही, एचआरला विचार. शीट समोरच उघडी होती, त्याच्या नावापुढे 61,400 होते.