अस्सलच्या गावी नक्कल बघायला : ऑबर्न, इंडियाना

जुन्या ऑबर्न स्पीडस्टर गाडीची रेप्लिका, म्हणजे फायबरची नक्कल, विकत घ्यायला आम्ही निघालो होतो. शिकागोहून ऑबर्न साधारण १६० मैल. टोल रोडने पूर्वेकडे, मग आय-६९ महामार्गाने दक्षिणेला. इथलं घड्याळ शिकागोच्या तासभर पुढे असतं. ते विसरलं की विक्रेत्याला दिलेली वेळ हुकलीच म्हणून समजा. आम्ही सहालाच निघालो, कारण गाडी बघण्याआधी संग्रहालय बघायचं होतं.

ऑबर्न कंपनीच्या १९३०च्या मुख्यालयातच आता ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या गाड्यांचं संग्रहालय आहे. १९३५ची ८५१ स्पीडस्टर इथे निवांत निरखता येते. गॉर्डन ब्यूरिगचं डिझाइन, होडीसारखी निमुळती शेपूट, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेलं, एका ओळीत आठ सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन. डॅशबोर्डवर वेगाचे विक्रम करणाऱ्या ॲब जेंकिन्सच्या सहीची पाटी : ही गाडी ताशी १०० मैलांवर धावली आहे. बोनेटच्या डाव्या बाजूने बाहेर येणारे धुराचे चार नळ नीट बघून ठेवावेत. रेप्लिकात बहुधा फोर्डचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात दोन ओळींत आठ सिलिंडरचं इंजिन असतं, म्हणून पुष्कळदा नळ दोन्ही बाजूंना दिसतात, आणि काही गाड्यांत ते निव्वळ शोभेचे असतात.

रेप्लिकांची सुरुवात ओक्लाहोमाच्या ग्लेन प्रे या शिक्षकाने केली. १९६०मध्ये त्याने कंपनीचं उरलंसुरलं सामान विकत घेतलं आणि पुढे फायबरची ऑबर्न ८६६ बनवली. नंतर इतरांनीही बनवल्या. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, दर्जात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आमची गाडी गावाबाहेरच्या एका धान्याच्या कोठारात होती. लाल रंग आरशासारखा. अशा रंगाला भुलायचं नाही, आधी पाठीवर झोपून गाडीखाली जायचं. फायबरला गंज लागत नाही, खालच्या जुन्या फोर्डच्या चासीला (लोखंडी सांगाड्याला) लागतो. मागच्या चाकांच्या कमानीपाशी, जिथे माती साचते, तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावं. चासी लांबवली वा आखडली असेल तर वेल्डिंगचा सांधा शोधावा. नुसता टोकाला टोक जोडलेला, आतून पट्टी नसलेला सांधा दिसला तर तिथूनच परत फिरावं.

लोखंडी गाडीवर पुट्टी असेल तिथे चुंबक चिकटत नाही, ती युक्ती इथे निकामी. फायबरवर ते कुठेच चिकटत नाही, मग पुट्टी कळणार कशी? नाण्याने ठोकत जावं. टणक आवाज अचानक बोदा झाला की आत थर सुटलेले असतात किंवा पुट्टी भरलेली असते. या गाडीत दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांभोवती चांदणीसारख्या चिरा होत्या. दार जड, त्यामानाने फायबर पातळ. दर उघडझापीला ते वाकतं आणि रंग फुटतो. वरून नुसता रंग मारला तर वर्षभरात चिरा परत येतात. आतून नवा फायबरमॅट आणि रेझिन, बोल्टखाली पोलादी पट्टी, हाच इलाज.

वायरिंगची गंमत वेगळीच. लोखंडी गाडीत करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो. फायबर वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर लागते. दिवे लावल्यावर पेट्रोलचा काटा हलला, की अर्थिंग कच्चं आहे हे ओळखावं. इथे तो हलला. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजावं, ०.२ व्होल्टहून जास्त आलं तर सांधे घासून नव्याने जोडायला हवेत.

मग बोनेट बंद करून वीस मिनिटं इंजिन उभ्याने चालवावं. अरुंद जाळीमागे मोठं व्ही-८ कोंबलेलं असतं, त्यात रेडिएटरला पंख्याभोवतीचं आवरण नसेल तर सिग्नलवर गाडी उकळते. इंजिन, ब्रेकचे भाग कुठल्याही दुकानात मिळतात. काच, क्रोमच्या पट्ट्या आणि बॉडीचे तुकडे मिळता मिळत नाहीत, म्हणून एकेक मोजून घ्यावा.

कागद शेवटी, पण सगळ्यात बारकाईने. चासीवरचा नंबर टायटलशी, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाशी, अंकन् अंक जुळला पाहिजे. टायटलवर ‘१९३५’ लिहिलेलं असेल तर हुरळू नका, रेप्लिका त्यानंतरची असते : नोंदणी आणि विमा दोन्हीकडे तीच गोष्ट अडते. विमा आधी ठरवलेल्या रकमेचाच घ्यावा.

आमच्या गाडीचा नंबर जुळला. दारं आणि अर्थिंगचा खर्च किमतीतून वजा करून सौदा ठरला. बंद ट्रेलरवर चढवताना शेपूट घासू नये म्हणून रॅम्पखाली फळ्या घातल्या, आणि पट्टे फक्त चासीला बांधले.