दहा मिनिटे हात न उचलण्याची परीक्षा

इंदूरच्या रामबागेजवळ मी संध्याकाळी मुलांना खो-खो शिकवतो. तेथील माझ्या प्रथमोपचार पेटीत बरीच वर्षे थोडा कापूस, एक चिकटपट्टी आणि आयोडीनची बाटली एवढाच ऐवज होता. एका स्पर्धेसाठी प्रशिक्षकांना प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, तेव्हा आणखी एक कागद फायलीत लागेल, एवढ्याच भावनेने मी दोन दिवसांच्या वर्गाला गेलो.

पहिला दिवस रक्ताभिसरणाचा होता. हृदयाचे चार कप्पे शाळेत पाठ केलेले होते. मैदानाशी त्यांचा संबंध मात्र कधी जोडला नव्हता. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर मिनिटाला साधारण तेवढेच रक्त पुढे ढकलते. तयारीचा खेळाडू जिवाच्या आकांताने धावत असताना हाच आकडा 20 लिटरच्या पुढे जातो. त्यामुळे जखमी खेळाडूला आधी खाली बसवायचे. मग वर्ग घेणाऱ्या बाईंनी 30 किलो वजनाच्या मुलाचा हिशेब करायला सांगितला. किलोमागे 70 ते 75 मिलिलिटर धरले, तर उत्तर जेमतेम सव्वादोन लिटर येते. माझ्या संघातली निम्मी मुले त्याच वजनाची आहेत.

धमनीचे रक्त लालभडक असून उसळत येते, शिरेचे गडद आणि संथ वाहते, केशवाहिन्यांचे नुसते पाझरते, हेही शिकलो. पण धुळीने माखलेल्या गुडघ्यावर ही पारख करत बसू नका, आधी दाबा, असे बाईंनी लगेच बजावले.

दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात मी नापास झालो. सहकाऱ्याच्या दंडावर गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचे जाळीदार कापड, दाबून धरायचा होता. तीन मिनिटे झाली असतील, मी सहज कडा उचलून खाली डोकावलो. "रक्तकणिका आत्ता कुठे बूच बसवत होत्या, तुम्ही ते उपटलंत. पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. गॉज भिजला तरी तो काढायचा नाही, त्यावरच दुसरा ठेवायचा. दुसऱ्या खेपेला घड्याळाकडे बघत दहा मिनिटे काढली आणि उत्तीर्ण झालो. हाताला इतका वेळ स्वस्थ ठेवणे हे खो-खोवाल्याच्या स्वभावातच नाही.

महिनाभरातच एका मुलाने खांबाजवळ सूर मारला आणि त्याची भुवई फुटली. डोके आणि चेहरा यांना रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे जखम बोटाच्या पेराएवढी असूनही बनियन छातीपर्यंत लाल झाले. हातमोजे चढवून मी त्याला भिंतीला टेकवून बसवले आणि गॉज दाबला. एक गृहस्थ हळदीची पुडी घेऊन धावत आले. त्यांना हात जोडता येत नव्हते, म्हणून मानेनेच नकार दिला. मुलाला नाव, आपला गडी कितवा बाद झाला, मळमळते का, असे विचारत राहिलो, कारण डोक्याचा मार वेगळा तपासावा लागतो.

"काका, थांबलं का? बघा ना!" तो दर मिनिटाला म्हणत होता.

"अजून नाही बघायचं, बाळा."

बारा मिनिटांनंतर माझा अंगठा बधिर झाला होता आणि वरचा गॉज कोरडा राहिला होता. तो न हलवता वरून पट्टी बांधून त्याला दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी सलाइनने भिजवून गॉज सोडवला, तीन टाके घातले आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाची नोंद विचारली. ती मात्र माझ्या कोणत्याच फायलीत नव्हती.