डीपीएफ बदलण्याआधी त्या दोन पाइपांकडे बघा

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या तक्रारींचा नूरच पालटला. नाशिकमधल्या माझ्या गॅरेजात आता रोज कुणीतरी विचारतं, "दादा, पिवळा दिवा लागलाय, फिल्टर बदलावा लागेल का?" फिल्टर म्हणजे डीपीएफ, डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा. बहुतेक वेळा तो बदलावा नाही लागत.

परवा गंगापूर रोडच्या एक शिक्षिका आल्या. पिकअप पार गेलेला, चढावर गाडी रडत होती. दुसरीकडे त्यांना नवा डीपीएफ टाका म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा खर्च ऐकून मॅडम गाडीच विकायला निघाल्या होत्या. मी स्कॅनर लावला. इंजिन बंद, नुसतं इग्निशन चालू; फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचा आकडा शून्य. बरोबर. गाडी चालू करून रेस दिली, तरी आकडा जागचा हलेना. तुंबलेल्या फिल्टरला हे शक्यच नाही, तिथे रेस दिली की प्रेशर चढायलाच हवं.

फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन ठिकाणांहून सेन्सरकडे बारीक पाइप जातात. पुढचा रबरी पाइप क्लॅम्पजवळ वाकवून बघितला, तर खालच्या अंगाला उष्णतेनं कडक होऊन चीर गेलेली. वरून बघाल तर दिसणारच नाही. दाब तिथूनच निसटत होता. कॉम्प्युटरला सेन्सरवर भरवसा राहिला नाही, त्यानं फॉल्ट टाकला आणि काजळी जाळायचं कामच थांबवलं. त्यामुळे पुढे ती खरोखरच साठत गेली. पाइप बदलला, फॉल्ट काढला, स्कॅनरवरून रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळायचं काम, करून घेतलं. त्या वेळी आत 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान जातं, म्हणून गाडी मोकळ्यावर, वाळलेल्या गवतापासून लांब लावायची.

फिल्टरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी साठतात, हे गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही याचा मला राग येतो. काजळी जळते. राख जळत नाही, आणि ती मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते. म्हणूनच या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये एसीईए सी3 किंवा सी2 असा ऑइलचा दर्जा लिहिलेला असेल तर तेच टाका, दुकानात मिळेल ते नको. राखेनं भरलेला फिल्टर उतरवून उलट्या दिशेनं हवा मारून, योग्य यंत्रावर साफ करता येतो. वाट्टेल ते ॲसिड मात्र ओतू देऊ नका, आतल्या प्लॅटिनमच्या थराची वाट लागते.

डिपस्टिकही बघत जा. काजळी जाळायला बऱ्याच गाड्या जादा डिझेल सोडतात. शाळा, भाजी, घर एवढंच फिरलं की ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, डिझेलचा वास आला, तर लगेच बदला. मॅडमच्या गाडीचंही बदललं. आणि त्यांना सांगितलं, रविवारी पाथर्डी फाट्यावरून घोटीपर्यंत जाऊन या, एका वेगानं, गिअर थोडा खालचा ठेवून. गाडी उभी केल्यावर पंखा जोरात फिरत असेल, गरम वास येत असेल, तर रिजनरेशन चालू असण्याची शक्यता आहे. अशा वेळी लगेच बंद न करता आणखी थोडं चालवा.

"फिल्टर कापून टाका, पोकळ करून द्या" म्हणणारेही येतात. मी करत नाही. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली गुन्हा आहे, आणि तो धूर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत जातो.

सेकंडहँड बीएस-6 डिझेल घेणार असाल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. फिल्टर धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं, तर फिल्टर फुटलेला तरी आहे किंवा काढलेला तरी. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.