प्रेत उचगावात, गाडी शिनोळीत

बेळगावात घडणाऱ्या रहस्यकथांमध्ये किल्ला असतो, कुंदा असतो, खडेबाजारातली गर्दी असते. हे सगळं काढून तिथं सदाशिव पेठ घातली तरी कथा जशीच्या तशी उभी राहते, आणि इथंच घोडं पेंड खातं. गाव बदललं की गुन्हाच अशक्य व्हावा, एवढी जागा कथेत मुरली पाहिजे.

सीमाभागात लेखकाला आयती मिळणारी गोष्ट म्हणजे हद्द. बेळगावातून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की कर्नाटकातल्या उचगावनंतर थोड्याच वेळात शिनोळी येते, म्हणजे चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. प्रेत उचगावच्या शिवारात आणि गाडी शिनोळीत सापडली की दोन राज्यांची ठाणी कामाला लागतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद जवळच्या ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. कागद इकडून तिकडे जाईपर्यंतचा वेळ खुन्याचा. तो लेखकाने वापरला नाही तर सीमेवर कथा घडवून उपयोग काय?

बेळगाव शहर आणि लगतच्या भागाला पोलिस आयुक्त, उरलेल्या जिल्ह्याला पोलिस अधीक्षक. खानापूरच्या जंगलातला खून आयुक्तांच्या टेबलावर ठेवला की जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटतो. नायक-इन्स्पेक्टर एकटाच कोल्हापुरात घुसून आरोपीला रात्रीतून उचलून आणतो, तेही पटत नाही. तिथल्या ठाण्यात आधी नोंद होते, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. शिवाय पंचनामा कन्नडात. खाली सही करणारा पंच फक्त मराठी वाचणारा असेल तर उलटतपासणीत बचावाचा वकील कुठं बोट ठेवणार, हे वेगळं सांगायला नको.

वैद्यकीय तपशिलात हात आखडता घ्यावा. प्रेत ताठ होणं जबडा-मानेपासून साधारण दोन ते चार तासांत सुरू होतं, बारा तासांच्या सुमारास अंगभर पसरतं. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. तेवढ्यावरून ‘मृत्यू 9 वाजून 40 मिनिटांनी’ असं सांगणारा डॉक्टर कथेतून सरळ काढून टाका.

आता खुन्याचा माग देणारा दुवा लपवायचं काम. आपल्या भागात त्यासाठी साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीसारखी वस्तू नाही. वाहनाचा नंबर, तारीख, भरलेलं वजन, ऊस उतरवल्यावरचं रिकामं वजन आणि दोन्ही वेळा, सगळं एका कागदावर. ‘रात्रभर ट्रॅक्टर घेऊन यार्डात नंबर लावून होतो’ असं सांगणारा माणूस घ्या. रिकामं वजन रात्री साडेअकराचं निघालं की त्याची पुढची रात्र उघडी पडते. पण पावतीवर वाचकाचं लक्ष जाता कामा नये. तीन वस्तूंच्या यादीत ती मधोमध ठेवायची: चष्म्याची डबी, चुरगळलेली वजनपावती, दोरा बांधलेली औषधाची बाटली. शेवटची वस्तू थोडी विचित्र ठेवली की नजर तिकडे धावते. साठ हजार शब्दांची, तीस प्रकरणांची कादंबरी असेल तर पावती पाचव्यात दिसावी, चौदाव्यात कुणीतरी तिच्या पाठीमागे फोन नंबर लिहून घ्यावा आणि सत्ताविसाव्यात ती पुढची बाजू वर करून वाचली जावी. एकदाच दाखवली तर वाचकाला ती फसवणूक वाटते. उलगड्याआधीच तिसऱ्यांदा दाखवली की शाळकरी पोरगंही ओळखतं. आणि गाळपाचा हंगाम सांभाळा. ऑगस्टात पावती दाखवाल तर हसू होईल.

हीच कादंबरी वेब मालिकेसाठी उलगडताना पावतीचा क्लोजअप घेतला की रहस्य संपलं. कॅमेरा जिथं थांबतो तिथं प्रेक्षक थांबतो, म्हणून ती कुणाच्या तरी हातात, हालचालीत, दुसऱ्याच भांडणाच्या मागे दिसली पाहिजे.

त्याहून मोठी अडचण भाषेची. कागदावर ‘तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता’ एवढं लिहून भागतं. ज्याला कन्नड येत नाही असा गावाचा समज, तोच कन्नडात बोलत होता, हे शंभर पानांनी सांगता येतं. पडद्यावर आवाज आला की भाषा कळली. मग तो माणूस काचेपलीकडे, रस्त्यापलीकडे, पिठाच्या गिरणीच्या आवाजात बोलताना दाखवावा लागतो. एवढी जुळवाजुळव करूनही कर्णबधिरांसाठी पडद्याखाली येणाऱ्या ओळींत कुणीतरी ‘कन्नडमध्ये बोलतो’ असं टाकून मोकळा होतो! त्या ओळी लेखकाने स्वतः तपासाव्यात. पात्रांची बोली पुणेरी करून देण्याचा आग्रह झाला तर मात्र अजिबात मान डोलवू नये. ‘काय करूलालास’ म्हणणारा माणूस ‘काय करतो आहेस’ म्हणायला लागला की तो कुठला आहे हेच पुसलं जातं.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीचा आहे. देवनागरीत, दोन रकान्यांत लिहिलं की तो बिघडतो. संवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावावं.

मालिकेचे हक्क निर्मात्याला देतानाचा करार सहीनिशी लेखीच हवा. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. निर्मात्याच्या छापील मसुद्यात नेमकं तेच वेगळं कलम बारीक अक्षरात असतं. ते खोडून दोन्ही बाजूंच्या आद्याक्षरी सह्या घ्याव्यात. आणि कथा बेळगावची असेल तर कन्नड रूपांतराचे हक्क ‘सर्व भाषा’ या दोन शब्दांत जाऊ देऊ नयेत, त्यांची रक्कम स्वतंत्र लावावी.