पर्ल हार्बर: होडीच्या आधी तेलाचा हिशेब

हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने ७ डिसेंबर १९४१ ला हल्ला केला. तिथे आलेल्या प्रत्येकाला त्या हल्ल्यात बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेच्या स्मारकाची होडी गाठायची घाई असते. माझं ऐका, होडीच्या तासभर आधी पोहोचा आणि पर्यटक केंद्रातलं 'रोड टू वॉर' हे दालन नीट बघा. गर्दी शेजारच्या हल्ल्याच्या दालनात असते. पण हल्ला का झाला, ते इथे कळतं.

पहिल्या महायुद्धात लाखाहून जास्त सैनिक गमावलेल्या अमेरिकेला पुन्हा युरोपच्या भांडणात पडायचं नव्हतं. १९३५ पासून तिथल्या संसदेने तटस्थतेचे कायदे केले: लढणाऱ्या देशांना शस्त्रं नाहीत, कर्जही नाही. मेख अशी, की युद्ध चालू असल्याचं राष्ट्राध्यक्षांनी मान्य केल्याशिवाय कायदा लागू होत नसे. १९३७ मध्ये जपान चीनमध्ये घुसला, पण रीतसर युद्ध कुणीच पुकारलं नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनीही कायदा लावला नाही. लावला असता तर बाहेरच्या शस्त्रांवर लढणाऱ्या चीनचीच कोंडी झाली असती. इकडे जपानला अमेरिकेचं भंगार लोखंड आणि तेल मिळत राहिलं. तटस्थ म्हणवणारा देशच आक्रमकाचा पेट्रोलपंप झाला होता.

मे १९४० मध्ये अमेरिकी आरमाराला कॅलिफोर्नियाला परतू न देता इथेच ठेवलं गेलं, जपानला जरब बसावी म्हणून. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायना (आजचा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडिया) घेतल्यावर अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठवली आणि तेल थांबलं. जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच येई. पर्याय उरला तो डचांच्या ताब्यातल्या बोर्निओ-सुमात्राच्या विहिरींचा, आणि तिकडे निघालेल्या फौजेच्या बगलेत पर्ल हार्बरचं आरमार. म्हणून हल्ला. देशात मात्र अलिप्ततेचा जोर एवढा, की ऑगस्टमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीची मुदतवाढ प्रतिनिधीगृहात २०३ विरुद्ध २०२ अशी एका मताने तगली. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात युद्धाच्या विरोधात एकच मत पडलं, शांततावादी सदस्य जेनेट रँकिन यांचं.

आता होडीचं. तिकीट फुकट, ऑनलाइन आरक्षणाला नाममात्र शुल्क. जागा आठ आठवडे आधी खुल्या होतात, थोड्या आदल्या दिवशी, हवाईच्या दुपारी ३ वाजता. भारतातून करत असाल तर तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६:३० झालेले असतात. तारखेचा घोळ हमखास इथेच होतो. पाठपिशवी, पर्स आत चालत नाही. फाटकाबाहेर पैसे देऊन ठेवावी लागते. वारा फार असला तर होड्या बंद होतात, म्हणून सकाळची वेळ घ्या आणि सहलीचा शेवटचा दिवस यासाठी ठेवू नका. सगळा फेरा पाऊण तासाचा, त्यात स्मारकावर जेमतेम पंधरा मिनिटं.

ती पंधरा मिनिटं फोटोंत घालवू नका. आधी टोकाच्या संगमरवरी भिंतीवरची ॲरिझोनावरच्या मृतांची १,१७७ नावं, मग कठड्यावरून खाली पाणी. बुडालेल्या जहाजातून आजही तेलाचे थेंब वर येतात आणि सप्तरंगी तवंग पसरतो. बंदराभोवतीच्या टाक्यांमध्ये तेव्हा सुमारे ४५ लाख पिंपं इंधन होतं आणि जपानी वैमानिकांनी त्याला हात लावला नाही. तेलासाठी युद्ध पुकारणाऱ्यांची ही चूक मला जहाजं बुडवण्याच्या पराक्रमापेक्षा मोठी वाटते. ते इंधन जळालं असतं तर वाचलेल्या विमानवाहू नौकाही कॅलिफोर्नियाला न्याव्या लागल्या असत्या.

मिसूरी युद्धनौका फोर्ड बेटावर आहे. बेट लष्करी, त्यामुळे स्वतःची गाडी नेता येत नाही; केंद्राबाहेरून बस सुटते. तिकीट वेगळं, वेळ किमान दोन तास. हल्ल्यानंतरचं युद्ध या डेकवर येऊन संपलं. जर्मनीने ११ डिसेंबरला अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारल्यावर 'आधी जर्मनी'ला हरवायचं हे अमेरिकेचं धोरण पक्कं झालं, तरी तिची जमिनीवरची पहिली मोठी चढाई ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनालवर झाली. उत्तर आफ्रिका नोव्हेंबरमध्ये. २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सह्या केल्या, ती जागा मिसूरीच्या डेकवर पितळी चकतीने दाखवली आहे. तिथून जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे चालत या: समोर ॲरिझोनाचं पांढरं स्मारक दिसतं.